एप्सिलॉन-डेल्टा: फळ्यावर कसं मांडायचं, पेपरात कसं तपासायचं?

नवा_खडू
पहिल्या वर्षाला अ‍ॅनालिसिस. वर्ग साठ जणांचा, तास पन्नास मिनिटांचा. लिमिटची व्याख्या (कितीही लहान धन एप्सिलॉन दिला तरी असा धन डेल्टा सापडतो, की क्ष त्या बिंदूपासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असला, बिंदू सोडून, तर फंक्शनची किंमत लिमिटपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहते) सगळे घडाघडा म्हणतात; पण क्ष² ची ३ पाशी लिमिट ९ आहे हे सिद्ध करा म्हटलं की निम्मे जण ‘डेल्टा = एप्सिलॉन ÷ |क्ष + ३|’ लिहून मोकळे होतात. चूक दाखवली की माना डोलावतात, पुढच्या चाचणीत पुन्हा तेच. फळ्यावर क्रम कोणता ठेवावा? आणि या उत्तराला ६ पैकी किती गुण?

छेद_शून्य
मुलांचा बीजगणिताचा भाग बरोबरच आहे, घोळ आहे तो कोण आधी येतो याचा. आधी एप्सिलॉन मिळतो, मग डेल्टा ठरतो, क्ष सगळ्यात शेवटी येतो. जो अजून आलेलाच नाही त्याच्यावरून डेल्टा ठरवणार कसा? हे नुसतं सांगून उपयोग नाही, दोन मुलं उभी करून खेळवा. पहिला म्हणतो, एप्सिलॉन ०.१. दुसऱ्याने डेल्टा म्हणून आकडाच सांगायचा. तो ०.०२ म्हणाला तर पहिला ३.०१९ काढतो, वर्ग ९.११४३६१, फरक ०.१ च्या बाहेर, डाव गेला. ०.०१४ म्हणाला तर पहिल्याला असा क्ष सापडतच नाही. ‘एप्सिलॉन ÷ |क्ष + ३|’ म्हणणाऱ्याला विचारायचं, “आकडा सांग.” तो तिथेच अडतो, आणि का अडला हे अख्ख्या वर्गाला दिसतं.

मग फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे कच्चं काम, उलट्या दिशेने: |क्ष² − ९| = |क्ष − ३| × |क्ष + ३|. पहिला अवयव आपल्या हातात आहे, दुसऱ्याला आवर घालायचाय. डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही असं ठरवलं की क्ष २ आणि ४ च्या मध्ये अडकतो, म्हणजे |क्ष + ३| < ७. उजवीकडे पक्कं, सुलट्या दिशेने: “एप्सिलॉन > ० दिला आहे. डेल्टा = १ आणि एप्सिलॉन ÷ ७ यांतला लहान...” डावी बाजू पुसू नका. पुसली की तो ७ आकाशातून पडल्यासारखा दिसतो आणि घोकंपट्टी तिथूनच सुरू होते.

‘१ च का?’ हे कोणीतरी विचारणारच. १/२ घेतला तरी चालतं, ७ च्या जागी ६.५ येतील. पण लगेच १/क्ष ची १/२ पाशी लिमिट करून घ्या. तिथे १ घेतला तर पट्ट्यात शून्य शिरतं आणि छेद हाताबाहेर जातो. १/४ घ्यावा लागतो; मग क्ष > १/४, आणि डेल्टा = १/४ व एप्सिलॉन ÷ ८ यांतला लहान. या एका उदाहरणाने ‘नेहमी १’ ही सवय मोडते.

उलटसुलट
वरच्याला जोड. व्याख्येतले शब्द मुद्दाम उलटे करून द्या: “असा एक डेल्टा आहे की प्रत्येक एप्सिलॉनसाठी...” आणि विचारा, हे कोणत्या फंक्शनला लागू पडेल? उत्तर: त्या बिंदूच्या आसपास (बिंदू सोडून) जे स्थिर आहे त्यालाच. क्ष² सुद्धा बाद होतो. क्रमाचं महत्त्व यापेक्षा स्वस्तात पटत नाही.

शिवाय फंक्शनच्या आधी सीक्वेन्स (ओळीने येणाऱ्या संख्यांची न संपणारी यादी) घ्या. तिथे एकाच बाजूला जायचं असतं, ‘डेल्टा’ऐवजी एक पूर्णांक शोधायचा असतो. आणि हे एका तासात उरकेल ही अपेक्षा नको. कॅल्क्युलस सतराव्या शतकात आलं; त्याला काटेकोर करणाऱ्या गणितज्ञांचं काम मात्र बोल्झानो १८१७, कोशी १८२१, आणि आजची काटेकोर मांडणी वायरश्ट्रासच्या काळातली. मुलांना चार तास तरी द्या की!

तांबडी_शाई
गुणांचं. ६ ची वाटणी अशी करा: काय सिद्ध करायचं ते लिहिणं १, अवयव पाडणं १, |क्ष + ३| ची मर्यादा कारणासकट २, डेल्टाची निवड १, सुलटं लेखन १. तुमच्या त्या उत्तराला २. पाठ केलेल्या व्याख्येला वेगळा गुण नको.

नुसतं एप्सिलॉन ÷ ७ लिहून १ विसरणाऱ्याचा निवडीचा १ कापा, आणि समासात कारण लिहा: एप्सिलॉन ७० घेतला तर डेल्टा १० येतो, क्ष = १२ चालतो, पण १४४ − ९ = १३५. कच्चं कामच उत्तर म्हणून उतरवलं असेल तर शेवटचा १ गेला. एकाच चुकीला दोनदा कापू नका.

तपासताना एक प्रश्न सगळ्या गठ्ठ्यात, मग दुसरा. पहिल्या दहा उत्तरपत्रिका पेन्सिलने. अनपेक्षित उत्तरं तिथेच दिसतात, वाटणी सुधारता येते. प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठा पिसा, नाहीतर खालच्या मुलांना कायम दमलेला परीक्षक मिळतो.

नवा_खडू
दोन्ही करतो. पाठांतरवाला वेगळा काढेल असा प्रश्न सुचतो का?

तांबडी_शाई
“एप्सिलॉन ०.१ असताना चालणारा सर्वांत मोठा डेल्टा काढा.” उजवीकडे √९.१ − ३ ≈ ०.०१६६, डावीकडे ३ − √८.९ ≈ ०.०१६७, लहान तो उत्तर. ०.१ ÷ ७ लिहिणारा लगेच ओळखू येतो. कॅल्क्युलेटर चालणार नसेल तर वर्गमूळ तसंच ठेवू द्या, पण कोणती बाजू लहान आणि का, हे मागा.