डिझेल एसयूव्हीचे इंजिन ऑइल कमी होण्याऐवजी वाढत आहे, हे कशाचे लक्षण?

कोथरूडकर

नमस्कार. आमच्याकडे तीन वर्षांपासून बीएस-६ मानकाची, दोन लिटर डिझेल इंजिनाची सात आसनी एसयूव्ही आहे. घेतली तेव्हा हिशेब सरळ होता: आम्ही दोघे, दोन मुले आणि आई, गाव चिपळूणजवळ, आणि गणपती, शिमगा व मे महिना असे वर्षातून तीनदा सामानासकट कुंभार्ली घाट उतरायचा आणि चढायचा, तेव्हा डिझेलचा जोर हवाच. प्रत्यक्षात गाडी २८,००० किलोमीटर चालली असून त्यातले बहुतेक अंतर मुलांची शाळा आणि माझे कार्यालय, म्हणजे एका वेळी चार-पाच किलोमीटर, अशा तुकड्यांत कापले गेले आहे.

मागच्या रविवारी सहज बॉनेट उघडून डिपस्टिक पाहिली. गाडी सपाट जागी होती आणि इंजिन रात्रभर बंद होते. चार महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झाले तेव्हा ऑइल दोन खुणांच्या मध्ये असल्याचे मी स्वतः पाहिले होते. आता ते वरच्या खुणेच्याही अर्धा बोट वर आहे आणि काडी पुसलेल्या फडक्याला डिझेलचा वास येतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर "साहेब, भरतानाच थोडं जास्त पडलं असेल, काही होत नाही" असे उत्तर मिळाले. कधीकधी घरी येऊन गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा पाच मिनिटे जोरात फिरत राहतो आणि जळका वास येतो, तोही याच्याशी संबंधित आहे का? डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नाही.

घाटमाथा

भरताना जास्त पडलेल्या ऑइलला डिझेलचा वास येत नाही, त्यामुळे ते उत्तर सोडून द्या. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे वाढलेली पातळी, पंखा आणि जळका वास, बहुधा एकाच ठिकाणाहून येत आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे धुराच्या मार्गात बसवलेला डीपीएफ, अर्थात काजळी अडवणारी गाळणी.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांमध्ये ही गाळणी सर्रास आली. तिच्यात साठलेली काजळी जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी धूर साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. महामार्गावर सलग चालणाऱ्या गाडीत ही सफाई बरीचशी आपोआप होत राहते. शहरात तेवढी उष्णता तयार होत नाही, म्हणून इंजिनाचा संगणक मुख्य ज्वलन उरकल्यावर सिलिंडरमध्ये मुद्दाम आणखी थोडे डिझेल सोडतो, जेणेकरून ते पुढे धुराच्या नळीत जळून गाळणी तापावी. या उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतो. सफाई एका दमात पूर्ण झाली तर हा अंश नगण्य असतो. परंतु तिला दहा ते वीस मिनिटे लागतात आणि तुमचा प्रवास त्याआधीच संपतो. मग पुढच्या फेरीला पुन्हा डिझेल सोडले जाते, पुन्हा ते अर्धवट राहते, आणि प्रत्येक वेळी थोडे थोडे ऑइलमध्ये मिसळते. बंद गाडीचा फिरणारा पंखा म्हणजे तुम्ही सफाई मध्येच तोडल्याची पावतीच आहे.

काही होत नाही, हे मात्र खरे नाही. डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते, त्यामुळे बेअरिंग आणि टर्बो यांना पुरेसे वंगण मिळत नाही. आणि पातळी फारच वाढली तर ऑइल फेसाळते, हवेच्या मार्गात खेचले जाऊन तेच इंधन म्हणून जळू लागते, आणि मग किल्ली फिरवूनही इंजिन थांबत नाही. तेव्हा सर्व्हिसच्या तारखेची वाट न पाहता आधी ऑइल व फिल्टर बदला. ऑइल माहितीपुस्तिकेत दिलेल्या कमी राखेच्या प्रतीचेच घ्या, कारण काजळी जळते, परंतु ऑइलची राख जळत नाही आणि गाळणीत कायमची बसते. त्यानंतर आठवड्यातून एकदा, इंजिन तापल्यावर, किवळ्याहून द्रुतगती मार्गाने लोणावळ्यापर्यंत ऐंशीच्या वेगाने, आरपीएम दोन हजारांच्या आसपास राहील अशा गिअरमध्ये गाडी न्यावी.

रविवारचा_मेकॅनिक

वरील स्पष्टीकरण योग्य आहे, परंतु थेट लोणावळ्याला जाण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. गाळणी लवकर का भरते याचे शहरातील वापर हे एकच कारण नसते. इंजेक्टर गळत असेल, ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, अडकला असेल किंवा गाळणीच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, तरी हेच चित्र दिसते, आणि अशा वेळी दर रविवारी द्रुतगती मार्गाचा टोल भरून हाती काहीच लागत नाही. आधी स्कॅनर लावून काजळीचे प्रमाण, शेवटची पूर्ण झालेली सफाई किती किलोमीटरपूर्वीची आहे आणि अर्धवट राहिलेल्या सफाया किती, हे तीन आकडे मागा. ते दाखवता येत नाहीत असे कोणी सांगितले तर दुसऱ्या ठिकाणी जा.

डीईएफच्या निळ्या झाकणाच्या टाकीचा या प्रकाराशी संबंध नाही. ते युरियाचे द्रावण नायट्रोजन ऑक्साइडसाठी असते; ते जास्त भरल्याने काजळी कमी होत नाही.

कोथरूडकर

दोघांचेही आभार. आमच्या गल्लीतील गॅरेजवाल्यांनी तिसराच मार्ग सुचवला आहे: गाळणीच्या आतले जाळे काढून टाकायचे आणि संगणकाला ती जागेवर आहे असे भासवायचे. "कायमची कटकट जाईल" असे ते म्हणतात.

घाटमाथा

कटकट जाईल आणि तिच्याबरोबर वॉरंटीही जाईल. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही. आणि खरे सांगायचे तर ती काजळी मग मागे दुचाकीवर बसलेल्या कोणाच्या तरी मुलाच्या नाकात जाणार आहे.

पेट्रोलवाली

माझे म्हणणे कदाचित विषय सोडून वाटेल. आम्हीही याच कारणाने डिझेल गाडी विकली आणि त्याच आकाराची पेट्रोल गाडी घेतली. अ‍ॅव्हरेज शहरात नऊच्या वर जात नाही आणि घाटात पाच माणसे व सामान असताना एक गिअर खाली यावेच लागते. पण शाळेच्या फाटकापाशी गाडी बंद करताना मला मनात कसलाही विचार करावा लागत नाही. तुमचे वर्षातले तीन प्रवास सोडून उरलेल्या दिवसांचा हिशेब एकदा अवश्य मांडा.

कोथरूडकर

कळवण्यास सहा आठवडे उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. दुसऱ्या कार्यशाळेत स्कॅन करून घेतला. सेन्सर व इंजेक्टर ठीक निघाले; परंतु शेवटच्या दहा सफायांपैकी केवळ दोन पूर्ण झाल्या होत्या. जुने ऑइल काढले तेव्हा ते भरलेल्या मापापेक्षा सुमारे पाऊण लिटर अधिक निघाले आणि पाण्यासारखे धारेने पडत होते.

मुलांना शाळेत आता स्कूटरवरून सोडतो. गाडीचे अ‍ॅव्हरेज एकाएकी घसरले आणि उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा वर राहिले की सफाई सुरू आहे, हे ओळखायला शिकलो आहे. तसे दिसले की घराकडे न वळता चांदणी चौकातून बाह्यवळण मार्गाला लागतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत येतो. आई अशा वेळी गाडीत असली तर तिला कारण समजावून सांगावे लागते, आणि ते तिला अजून पटलेले नाही. गाडी विकण्याचा निर्णय गणपतीपर्यंत पुढे ढकलला आहे. आज सकाळी पुन्हा डिपस्टिक पाहिली, ऑइल वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर खाली होते.