मदत हवी आहे: एकच वॉर्निंग तीन मॅन्युअलमध्ये, एका ठिकाणी बदलली की बाकीच्या सह्यांचं काय?

मॅन्युअलवाली

नमस्कार मंडळी,

स्ट्रक्चर्ड ऑथरिंग (मजकूर ठरलेल्या साच्यातल्या तुकड्यांत लिहून जोडायचा), त्यासाठीचं डिटा हे एक्सएमएल स्टँडर्ड आणि ते तुकडे सांभाळणारी सीसीएमएस सिस्टम हे प्रकार मेडिकल डिव्हाइस किंवा फार्मात प्रत्यक्ष वापरणारं कोणी आहे का इथे? सॉफ्टवेअरवाल्यांचे अनुभव ढिगाने वाचले, पण त्यांच्या मागे रेग्युलेटरी नसतं, त्यामुळे माझं घोडं जिथे अडलंय त्याच्या आधीच त्यांची गोष्ट संपते.

मी सिरिंज पंपांचे आयएफयू लिहिते, म्हणजे पंपासोबत जाणारं वापराचं मॅन्युअल. एकाच फॅमिलीतली तीन मॉडेलं, मजकूर बराचसा सारखा, पण प्रत्येकाची वर्ड फाइल वेगळी, कारण नवीन मॉडेल आलं की जुन्या फाइलचं 'सेव्ह अ‍ॅज' करायचं आणि पुढे जायचं हीच इतकी वर्षं पद्धत. आता एमआरआयची वॉर्निंग बघा (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगते). पहिल्यात आहे 'पंप एमआरआय रूममध्ये नेऊ नका', दुसऱ्यात 'एमआरआय मशीनजवळ पंप वापरू नका' आणि तिसऱ्यात 'एमआरआय वातावरणात वापर टाळावा'. तिघांच्या मनात एकच होतं हो, पण दुसरं वाक्य वाचलेली नर्स म्हणेल मी कुठे वापरतेय, बंद पंप स्टँडला लावून नुसता आत नेतेय, आणि मॅग्नेटला पंप चालू की बंद याच्याशी काही घेणंदेणं नसतं, तो ओढणारच. ऑडिटरने नेमकं हेच धरलं, रिस्क फाइलमध्ये (धोके आणि त्यांवरचे उपाय नोंदवतो ती) कंट्रोल, म्हणजे उपाय, एक आणि मॅन्युअलमध्ये वाक्यं तीन, यातलं खरं कुठलं.

तर आता वरून फर्मान आलंय की एक्सएमएल (टॅग लावलेला मजकूर) करा, टॉपिक (स्वतंत्र तुकडे) करा, रीयूज करा. टास्क, कन्सेप्ट, रेफरन्स वगैरे टॉपिकचे प्रकार समजले, ऑक्लूजन (नळी तुंबल्याच्या) अलार्मचा चॅप्टर पायलट म्हणून करून बघितला, कॉनरेफने (एका जागचा मजकूर दुसरीकडे ओढणारा दुवा) एकच वॉर्निंग तिन्हीकडे आली, छान वाटलं. मग क्यूएच्या (क्वालिटी विभागाच्या) मॅडम म्हणाल्या, उद्या दुसऱ्या मॉडेलसाठी ही वॉर्निंग बदललीत तर पहिल्याचं अप्रूव्ह होऊन बाहेर गेलेलं मॅन्युअल आपोआप बदलणार का? बदलणार असेल तर आम्ही सही केली ती कशावर? आणि बदलणार नसेल तर कॉपी-पेस्टने काय घोडं मारलं होतं? यावर मी गप्प.

म्हणून विचारते, तुकडा केवढा ठेवायचा, सही तुकड्यावर घ्यायची की अख्ख्या मॅन्युअलवर, आणि सीसीएमएस येईपर्यंत थांबायचं की गिटवर (फाइलींची व्हर्जनं ठेवणारं टूल) सुरू करायचं? टूलच्या जाहिराती कृपया नकोत.

कोनकंस

तुकड्याचं सांगतो, सहीचं माझ्या आवाक्याबाहेर आहे.

वाक्याहून लहान काही रीयूज करू नका. अर्धं वाक्य इकडून अर्धं तिकडून जोडलेलं इंग्रजीत खपतं पण पोलिश, फिनिश असल्या भाषांमध्ये शब्दाचं रूप वाक्याप्रमाणे बदलतं आणि भाषांतरवाले बोंब मारतात. अपवाद फक्त मॉडेलचं नाव आणि एककासकट आकडा. तुमच्या ऑक्लूजन प्रेशरची लिमिट मॉडेलगणिक वेगळी असेलच, तो आकडा 'की' (नाव दिलेली जागा) म्हणून मॅपमध्ये (मॅन्युअलमध्ये कुठले टॉपिक याची यादी) ठेवा, पायऱ्यांचा टॉपिक एकच राहील. (मॉडेलच्या नावालाही त्या भाषांमध्ये प्रत्यय लागतात, तेव्हा ते सुद्धा जपून.)

वॉर्निंगसाठी साधा नोट टॅग वापरू नका, हॅझर्डस्टेटमेंट वापरा. २०१० च्या डिटा १.२ पासून आहे. धोका कसला, परिणाम काय, टाळायचा कसा याला त्यात वेगवेगळे एलिमेंट आहेत, त्यामुळे 'वापर टाळावा' असलं गुळमुळीत वाक्य लिहिताना लिहिणाऱ्यालाच टोचतं की परिणामाची जागा रिकामी आहे. सगळ्या वॉर्निंग एका लायब्ररी फाइलमध्ये ठेवा, आयडी रिस्क फाइलच्या नंबरशी जुळवा, आणि कॉनरेफऐवजी कॉनकीरेफने ओढा म्हणजे कुठली फाइल घ्यायची ते मॅप ठरवतो, प्रत्येक टॉपिकमध्ये पाथ कोरला जात नाही.

क्यूएची_सही

ताई, तुमच्या मॅडमचे प्रश्न अगदी बरोबर आहेत, त्यांना शत्रू समजू नका :)

आयएसओ १३४८५ ला (मेडिकल डिव्हाइसच्या क्वालिटी सिस्टमचं स्टँडर्ड) वर्ड की एक्सएमएल याचं काही सोयरसुतक नाही. २०१६ च्या आवृत्तीत ४.२.४ मध्ये मागणी इतकीच, की डॉक्युमेंट बाहेर पडण्याआधी अप्रूव्ह झालेलं हवं, बदल झाला तर परत रिव्ह्यू आणि अप्रूव्हल हवं, आणि कालबाह्य प्रत चुकून वापरात राहायला नको. 'डॉक्युमेंट' म्हणजे काय ते तुमच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) तुम्ही ठरवायचं. आम्ही असं लिहिलंय की रिलीज झालेलं मॅन्युअल म्हणजे ती पीडीएफ आणि ती बनवताना वापरलेल्या प्रत्येक टॉपिकच्या व्हर्जनची यादी. याला बेसलाइन म्हणतो. ती गोठलेली, त्याला कोणी हात लावत नाही. नवीन व्हर्जन फक्त ड्राफ्टमध्ये दिसतं.

मग कॉपी-पेस्टहून वेगळं काय? वॉर्निंग बदलायची म्हटली की सिस्टम सांगते ही कुठे कुठे वापरलीय, आणि तिथल्या प्रत्येक मॉडेलबद्दल निर्णय लिहावा लागतो: आत्ता घेतो, पुढच्या रिव्हिजनला घेतो, किंवा लागू नाही आणि का नाही. कॉपी-पेस्टमध्ये हा प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण तिसरी कॉपी आहे हेच कोणाच्या लक्षात नसतं. फक्त बदल सेफ्टीचा असेल तर 'पुढच्या रिव्हिजनला' हे उत्तर आपल्या मनाने द्यायचं नाही, तो विषय रिस्क आणि कम्प्लेंटवाल्यांकडे जातो.

सह्या आम्ही दोन पातळ्यांवर घेतो. तुकड्यातला मजकूर बरोबर आहे का हे एक्स्पर्ट बघतो, एकदाच. पण फायनल सही जुळून तयार झालेल्या पीडीएफवरच, कारण तुकडा एकटा बरोबर असला तरी जागेवर जाऊन चुकतो. 'वरील पायरीप्रमाणे क्लॅम्प बंद करा' असं लिहिलेला टॉपिक दुसऱ्या मॉडेलमध्ये गेला आणि तिथे वर क्लॅम्प नाहीच, वर बॅटरी आहे. असले 'वरील', 'पुढील पानावर', 'आधी सांगितल्याप्रमाणे' आधी शोधून उडवा.

गिटवर चालेल, पण कमिट (बदलाची नोंद) म्हणजे सही नव्हे. एफडीएच्या (अमेरिकेची औषध-उपकरण नियामक) पार्ट ११ मध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सह्यांच्या नियमात, सहीसोबत सही करणाऱ्याचं नाव, तारीख-वेळ आणि सही कशासाठी (रिव्ह्यू की अप्रूव्हल) हे दिसावं लागतं. सही तुमच्या आत्ताच्या क्वालिटी सिस्टममध्ये पीडीएफवर घ्या. आणि आयएसओच्या ४.१.६ प्रमाणे सॉफ्टवेअरचं व्हॅलिडेशन (ते ठरल्याप्रमाणे चालतं हे तपासून दाखवणं) टळत नाही, त्यात पीडीएफ बनवणारी स्टाइलशीट पण आली. वॉर्निंगचं चिन्ह गुपचूप गाळणारी स्टाइलशीट या डोळ्यांनी पाहिलीय.

गोळीचं_लेबल

फार्माकडून थोडं अवांतर. आमच्याकडे एक्सएमएल तुमच्या आधीपासून आहे, अमेरिकेत औषधाचं लेबल २००५ पासून एसपीएलमध्ये (लेबलचा ठरलेला एक्सएमएल साचा) द्यावं लागतं, प्रत्येक सेक्शनला लॉइंक कोड (सेक्शन कुठला ते सांगणारा प्रमाणित नंबर), बॉक्स्ड वॉर्निंगचा (चौकटीतला सर्वात गंभीर इशारा) ३४०६६-१. डेलीमेडवर (अमेरिकेतल्या औषध-लेबलांची सरकारी साइट) कुठल्याही औषधाची फाइल उतरवून बघा, गंमत वाटेल. पण म्हणून रीयूज होतो असं मुळीच नाही! कित्येक ठिकाणी लिहितात वर्डमध्येच आणि शेवटी कन्व्हर्ट करतात. फाइल एक्सएमएल झाली म्हणजे काम झालं असं तुमच्या वरच्यांना वाटत असेल तर हे दाखवा.

उंटावरचा

तीन मॉडेलं आणि सीसीएमएस? आधी एक्सेल उघडा, तिन्ही मॅन्युअलमधल्या सगळ्या वॉर्निंग शेजारी शेजारी मांडा, चौथ्या कॉलमात रिस्क फाइलचा नंबर. कुठली एक ठेवायची यावर भांडण होणारच आहे, ते टॅग लावण्याआधी होऊ द्या.

मॅन्युअलवाली

@उंटावरचा, सुरुवात केली, पहिल्याच पानावर रिस्क नंबर नसलेल्या वॉर्निंग निघाल्यात, कोणी कधी घातल्या देव जाणे.

@क्यूएची_सही, बेसलाइनचं मॅडमना पटलं, खूप आभार. एक राहिलंच, भाषांतर. युरोपात एमडीआरप्रमाणे (तिथला मेडिकल डिव्हाइसचा कायदा) कुठली भाषा लागणार हे तो तो देश ठरवतो, त्यामुळे यादी लांबलचक आहे. तीन वाक्यांचं एक केलं तर ट्रान्सलेशन मेमरीत (आधीची भाषांतरं साठवणारा डेटाबेस) जुनी तीन भाषांतरं पडूनच राहणार, त्यातलं कुठलं उचललं जाईल?

क्यूएची_सही

मूळ वाक्य तंतोतंत जुळलं तर त्याचंच जुनं भाषांतर येईल, नाहीतर जवळपासचं सुचवलं जाईल आणि घाईतला भाषांतरकार ते तसंच ठेवेल, धोका तिथे आहे. म्हणून मूळ वाक्यावर सही झाल्याशिवाय भाषांतराला काहीही पाठवू नका, मंजूर वॉर्निंगची भाषांतरं एकदा त्या देशातल्या रिव्ह्यूअरकडून पक्की करून घ्या, आणि बाद वाक्यं मेमरीतून काढायला लावा. बेसलाइनच्या यादीत प्रत्येक भाषेचं व्हर्जनही असू द्या. मॉडेलप्रमाणे गाळणी लावायला डिटाव्हॅल (काय ठेवायचं, काय गाळायचं ते सांगणारी फाइल) वापरणार असाल तर ती फाइल पण त्याच यादीत. मजकूर सगळा बरोबर, पण डिटाव्हॅल जुनी, आणि एका मॉडेलच्या मॅन्युअलमधून अख्खी वॉर्निंग गायब, असं होऊ शकतं.