टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, तरी केबलवर गिगाबिट वेग का मिळत नाही?

प्रश्न

नमस्कार. आमच्या कार्यालयात भिंतीतून नेलेली साधारण ३५ मीटर लांबीची कॅट-६ नेटवर्क केबल आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना आरजे-४५ (आठ पिनांचे) प्लग आहेत. साध्या टेस्टरवर १ ते ८ हे सर्व दिवे बिनचूक क्रमाने लागतात. संगणक आणि नेटवर्क स्विच दोन्ही गिगाबिटचे (सेकंदाला १००० मेगाबिट) असूनही जोडणी कधी १०० मेगाबिटवर स्थिरावते, कधी १००० दाखवून काही क्षणांत तुटते, आणि स्विचमधील सीआरसी त्रुटींचा, म्हणजे बिघडून पोहोचलेल्या माहितीचा, आकडा वाढतच राहतो. प्लग उजेडात धरून पाहिला असता रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा दिसतो, आणि दुसऱ्या टोकालाही हाच क्रम आहे. प्रत्येक तार समोरच्या त्याच क्रमांकाच्या पिनवर पोहोचत असेल, तर तिच्या रंगाने विजेला काय फरक पडतो?

पहिले उत्तर

रंगाने काहीच फरक पडत नाही. कोणती तार कोणत्या तारेबरोबर पिळलेली आहे, याने मात्र सर्व फरक पडतो. इथरनेटमध्ये, म्हणजे तारेने संगणक जोडण्याच्या या पद्धतीत, पिनांच्या जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा ठरलेल्या आहेत. तुमच्या प्लगमध्ये पिन ३ वर पांढरी-हिरवी आणि पिन ६ वर निळी तार आली आहे. म्हणजे उपकरण ज्या दोन तारांना एक जोडी समजते, त्या केबलच्या आत दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या आहेत. ४-५ चीही तीच गत आहे. या दोषाला ‘स्प्लिट पेअर’ म्हणतात.

जोडीचे महत्त्व कळण्यासाठी संदेश कसा जातो ते पाहावे लागेल. एका तारेवरील व्होल्टेज जितके वर जाते, तितकेच दुसरीवरचे खाली येते, आणि संदेश घेणारे टोक केवळ या दोघींतील फरक मोजते. समजा, एका क्षणी तारांवर +०.५ आणि −०.५ व्होल्ट आहे व शेजारच्या वीजवाहिनीमुळे दोघींवर ०.३ व्होल्टचा सारखाच गोंगाट चढला. आता त्या +०.८ आणि −०.२ वर गेल्या, पण फरक पूर्वीइतकाच, १ व्होल्टच राहिला. मात्र हा हिशेब जुळायचा, तर गोंगाट दोघींवर खरोखर सारखा चढायला हवा. पीळ तेवढ्यासाठीच असतो. दोन्ही तारा सतत जागा बदलत असल्यामुळे बाहेरच्या स्रोताला कधी ही तार जवळची असते, कधी ती, आणि पूर्ण लांबीवर दोघींच्या वाट्याला जवळजवळ सारखाच परिणाम येतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी याच युक्तीचे पेटंट घेतले होते, आणि आजची केबल त्याच तत्त्वावर उभी आहे.

दुसरे उत्तर

वरील विवेचन योग्यच आहे. गिगाबिटलाच त्रास अधिक का होतो, एवढे जोडतो. १० आणि १०० मेगाबिटच्या नेहमीच्या पद्धतींत १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या कामाला येतात. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या १०००बेस-टी या गिगाबिट पद्धतीत चारही जोड्या वापरल्या जातात, आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते. प्रत्येक जोडी सेकंदाला २५० मेगाबिट वाहते. त्यासाठी व्होल्टेजच्या केवळ दोन नव्हे तर पाच पातळ्या वापरल्या जातात, त्यामुळे लगतच्या पातळ्यांतील अंतर कमी होते आणि थोडा गोंगाटही निर्णय चुकवू शकतो. प्रत्येक टोक आपणच पाठवलेला संदेश आणि त्याचा प्रतिध्वनी वजा करून समोरचा क्षीण संदेश वेगळा काढत असते. तुमच्या केबलमध्ये ३-६ ची एक तार ४-५ च्या एका तारेभोवती थेट ३५ मीटर पिळलेली आहे. या जोडीचा संदेश त्या जोडीत गळतो, म्हणजे क्रॉसटॉक होतो, आणि तो इतका मोठा असतो की वजाबाकीने निभत नाही.

जोडणी मधूनच १०० वर का उतरते, तेही यातून उलगडते. वेगाची बोलणी १-२ आणि ३-६ वरून, मंद गतीच्या स्पंदांनी होते, त्यामुळे ती पार पडते आणि १००० ठरतो. प्रत्यक्ष गिगाबिट जुळवताना अपयश आले की अनेक उपकरणे स्वतःहून खालचा वेग घेतात.

टेस्टरचा येथे दोष नाही. तो केवळ विद्युतमार्ग अखंड आहे का एवढेच तपासतो. स्प्लिट पेअर पकडायची असेल, तर उच्च वारंवारतेवर क्रॉसटॉक मोजणारे उपकरण लागते.

तिसरे उत्तर

ढाल असलेली, म्हणजे फॉइल गुंडाळलेली केबल टाकली तर हा गोंगाट थांबणार नाही का?

दुसऱ्या उत्तराचे लेखक

नाही. सर्व जोड्यांभोवती मिळून असलेली एकच ढाल बाहेरचा गोंगाट अडवते. हा गोंगाट आतल्या आतच निर्माण होतो. याच कारणासाठी निर्दोष केबलमध्येही चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवलेला असतो. तो समान असता, तर शेजारच्या जोड्यांतल्या त्याच दोन तारा प्रत्येक वळणावर एकमेकींलगत आल्या असत्या. केबलचे साल सोलून पाहिल्यास हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

प्रश्नकर्ता

आता नीट उलगडा झाला, आपणा दोघांचे आभार. मग भिंतीतील केबल बदलावी लागेल, की केवळ प्लग बदलणे पुरेसे आहे? आणि प्रमाण मांडणीतला, निळी जोडी मध्ये ठेवून हिरव्या जोडीला तिच्या दोन बाजूंना फाकवण्याचा हा विचित्र क्रम आला कुठून?

पहिल्या उत्तराचे लेखक

केबल चांगली असल्यास दोन्ही टोके कापून नवे प्लग क्रिंप करणे, म्हणजे दाबून बसवणे, पुरेसे आहे. टी५६८बी या प्रमाण मांडणीनुसार क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. टी५६८ए या दुसऱ्या मांडणीत नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल होते. वेगाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच आहेत, फक्त दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवावा. त्याहून अधिक लक्ष पिळाकडे द्यावे. टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये, आणि बाहेरचे साल प्लगच्या आत जाऊन पकडीखाली दाबले गेले पाहिजे. भिंतीतील केबलची तार एकसंध तांब्याची असल्यामुळे तिच्यासाठी बनवलेलाच प्लग घ्यावा. माझे मत विचाराल, तर तिथे प्लग न बसवता भिंतीवर सॉकेट बसवून पुढे पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी तयार केबल) लावणे अधिक टिकाऊ ठरते. प्रमाणातील १०० मीटरची मर्यादाही ९० मीटर स्थिर केबल आणि १० मीटर कॉर्ड अशीच धरलेली आहे, त्यामुळे तुमच्या ३५ मीटरला लांबीची काही अडचण नाही.

क्रमाचे मूळ टेलिफोनमध्ये आहे. तिथे पहिली लाइन मधल्या दोन पिनांवर आणि दुसरी तिच्या दोन्ही बाजूंच्या पिनांवर असे. ही मांडणी ४-५ आणि ३-६ मध्ये तशीच राखली गेली, आणि उरलेल्या दोन जोड्या कडेला शेजारी शेजारी बसवल्या गेल्या.