हॅम्बुर्गमध्ये साधं हॉटेल: कुठे उतरलात, कसं जमवलंत?

एल्बेकाठची

मार्च उजाडला की विचारणा सुरू होते. "लेक हारबुर्गच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत आहे, आम्ही दोघं येतोय." "जावई एअरबसमध्ये आहे, पण घर एका खोलीचं, आम्ही कुठे उतरू?" प्रत्येकाला वेगवेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते. ज्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरून हॅम्बुर्गला साध्या हॉटेलात मुक्काम केलाय त्यांनी लिहा. कंपनीने पंचतारांकित दाखवलं असेल तर आनंदच आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

मी इथेच राहते. घरी पाहुणे मावत नाहीत, त्यामुळे सासरमाहेरच्या सगळ्यांची हॉटेलं शोधणं माझ्याकडे. माझं मत असं की या शहरात आधी तारीख बघायची, मग गल्ली, आणि तारे सगळ्यात शेवटी.

तारीख का? मे महिन्यात ७ तारखेच्या आसपास बंदराचा वाढदिवस असतो. ११८९ साली सम्राट बार्बारोसाने व्यापाऱ्यांना जकातमाफीची सनद दिली, त्याचा. (आज जी सनद दाखवतात ती मागाहून बनवलेली आहे असं इतिहासकार म्हणतात, पण म्हणून वाढदिवस थांबत नाही.) शिडाची जहाजं, गर्दी, आणि एरवी नव्वद युरोला मिळणारी डबल रूम दीडशेच्या वर. दुसरं, सम वर्षांत सप्टेंबरमध्ये जहाजबांधणी उद्योगाचं मोठं प्रदर्शन भरतं, पवनऊर्जेचंही भरतं. त्या आठवड्यांत शहराच्या दक्षिण टोकाच्या हारबुर्गपर्यंतची हॉटेलं भरतात. तारखा हलवता येत असतील तर हलवा, घासाघीस करून जेवढे वाचतील त्याहून जास्त वाचतात.

बुकिंग करताना आणखी एक. २०१३ पासून इथे रात्रीच्या मुक्कामावर संस्कृती आणि पर्यटनाच्या नावाने कर आहे. बहुतेक ठिकाणी तो दरातच धरलेला असतो, काही ठिकाणी काउंटरवर वेगळा मागतात. पावती घ्या आणि वाद घालू नका, फसवणूक नाही ती.

श्टाइनडामचा शेजारी

स्टेशनजवळच्या सांक्ट गेओर्गबद्दल लिहितो, कारण स्वस्त हॉटेल शोधलं की सगळ्यांना तेच दिसतं. मुख्य स्टेशनच्या मागच्या बाजूने बाहेर पडलं की श्टाइनडाम रस्ता. तुर्की बेकऱ्या, अफगाणी उपाहारगृहं, मसाल्यांची दुकानं, आणि मधे मधे जुन्या इमारतींत दोन-तीन मजले व्यापलेली हॉटेलं. दिवसा मजा येते. रात्री हान्झाप्लाट्झ चौकाच्या बाजूला दारूडे, नशेतली माणसं, धंद्याला उभ्या बायका. कुणी अंगावर येत नाही, पण आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर त्यांना आधी सांगून ठेवा. तिथून दहा मिनिटं चाललात की त्याच भागातली लांगे राइहे गल्ली लागते, झाडं, कॅफे, पुस्तकांचं दुकान. भाडं थोडं जास्त, झोप बरीच जास्त.

आमचं हॉटेल चौथ्या मजल्यावर होतं. खालच्या दारावर बेल, वर रिसेप्शन, आणि लिफ्ट एवढीशी की मी आत गेलो तर बॅग बाहेर. किल्लीला पितळेचा लंबगोल गोळा, वजन पाव किलो तरी असेल. ती खिशात टाकून कुणी फिरायला जाऊ नये हाच हेतू, बाहेर जाताना काउंटरवर ठेवायची. मी बुकिंगच्या मेलमध्येच लिहिलं होतं की खोली रस्त्याकडची नको, अंगणाकडची द्या. त्यांनी दिली. खिडकीतून सायकली आणि कचऱ्याचे चार रंगांचे डबे दिसायचे, पण रात्री टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. पैसे न वाढवता मिळणारी ही एकच चैन, जरूर मागा.

त्याच भागात, आल्स्टर तलावाकाठी, १९०९ सालचं पांढरंशुभ्र हॉटेल अटलांटिक आहे. आपल्यासारख्यांच्या बजेटमधलं नाही, पण समोरून चालत जा. ११ सप्टेंबर १९४२ ला जर्मन-भारतीय सोसायटीच्या स्थापनेचा समारंभ इथे झाला, सुभाषबाबू हजर होते आणि वाद्यवृंदाने 'जन गण मन' वाजवलं. भारत स्वतंत्र व्हायला पाच वर्षं बाकी होती. आम्ही बाहेर उभं राहून फोटो काढत होतो तेव्हा दारवान आमच्याकडे संशयाने बघत होता. त्याला काय सांगणार!

अबोलीचा गजरा

लिफ्टवरून आठवलं. जुन्या इमारतीत "पहिला मजला" म्हणजे आपला पहिलाच, पण तळमजलाही अर्धा जिना चढून असतो. सासूबाईंचे गुडघे लक्षात घेऊन बुकिंगआधी फोन करून विचारलं, लिफ्ट रस्त्याच्या पातळीवर थांबते का. समोरच्या बाईने स्पष्ट "नाही" सांगितलं. जर्मन लोकांचं हे आवडतं. विचारलं तर खरं सांगतात, न विचारलं तर गप्प बसतात.

खोलीत काय नसतं ते सांगते, कारण "काय असतं" हे साइटवर लिहिलेलंच असतं. एसी नसतो, पंखाही नसतो. चहाची किटली बहुधा नसते. जेट स्प्रे कुठेच नाही. नावात गार्नी असेल तर सकाळचा नाश्ता मिळतो, जेवण नाही. डबल बेडवर दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळ्या रजया असतात. आमच्या ह्यांना वाटलं मला राग आलाय म्हणून मागवल्यात.

आणि कृपा करून खोलीत इंडक्शन लावून फोडणी देऊ नका. छतावरचा धुराचा अलार्म फार तिखट असतो.

मालवणी मुलूख

फोडणीवरून सामानाकडे येतो. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपियन युनियनमध्ये आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, चक्का सगळं आलं. ताजी फळं आणि भाज्यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना. माझ्या मावशीने लेकीसाठी आणलेला हापूस विमानतळावर जप्त झाला, आणि त्याच बॅगेतला देवगडचा नारळ सुखरूप आत आला. कढीपत्ताही त्या यादीत नाही. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कोकम सुकलेलं, चटण्या, हे निर्धास्त आणा.

बोटीवरचा

मी मरीन इंजिनिअर, गाव रत्नागिरी. आम्ही हॅम्बुर्गला "हॉटेलात राहतो" म्हणजे जहाजावर जॉइन व्हायच्या आदल्या रात्री एजंट जिथे टाकेल तिथे. ही बिनताऱ्यांची हॉटेलं मी बरीच पाहिलीत. सकाळी सहाला नाश्ता हवा असेल तर रात्रीच सांगायचं, डबा बांधून देतात: दोन ब्रेड, चीज, सफरचंद, ज्यूस. शाकाहारी सांगितलं नाही तर सलामी निघते.

इथे लिहितोय ते मुख्यतः आमच्या लोकांच्या घरच्यांसाठी. "नवऱ्याचं जहाज हॅम्बुर्गला लागतंय, बंदराजवळचं हॉटेल घेते" असं वहिनी लोक म्हणतात. कंटेनर टर्मिनल, म्हणजे बुर्खार्डकाय, आल्टनवेर्डर वगैरे, एल्बे नदीच्या दक्षिणेला आहेत. लांडुंग्सब्रुकेन या धक्क्याचं जे चित्र बंदर म्हणून दिसतं ते पर्यटकांचं. तिथल्या महागड्या खोलीतून जहाज दिसेल, तुमचं असेलच असं नाही. शिवाय गेटमधून आत जायला आधी परवानगी लागते आणि जहाज चोवीस तासांत निघूनही जातं. त्यापेक्षा एस-बानच्या (शहरातल्या लोकल गाडीच्या) स्टेशनजवळ स्वस्तात राहा आणि नवऱ्याला किनारा-रजा मिळाली तर वाल्टर्सहोफच्या डुकडाल्बेन या खलाशांच्या क्लबात भेटा. १९८६ पासून जर्मन सीमेन्स मिशन तो चालवतं. क्लबची गाडी जहाजावरून माणसं ने-आण करते, फोन-वायफाय आहे, बिलियर्ड आहे, आणि वर एका खोलीत सगळ्या धर्मांचे कोपरे आहेत. आपल्या देवांचाही आहे. चार महिने इंजिनरूममध्ये काढून तिथे उदबत्ती बघितली की काय होतं ते लिहिता येणार नाही मला.

वेळ असेल तर एस-बानच्या वेडेल स्टेशनला उतरून नदीकाठी जा. तिथे १९५२ पासून येणाऱ्याजाणाऱ्या मोठ्या जहाजांना, जहाज ज्या देशात नोंदलेलं असेल त्या झेंड्याचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात. आमचे कॅप्टन पनवेलचे, चीफ देवगडचे, झेंडा लायबेरियाचा, त्यामुळे वाजतं लायबेरियाचं.

एकटी भटकी

बंदराचा देखावा स्वस्तात हवा असेल तर लांडुंग्सब्रुकेनच्या वरच्या टेकडीवरचं युथ हॉस्टेल. नाव 'आउफ डेम श्टिन्टफांग'. हॉस्टेल संघटनेचं सदस्यत्व लागतं, तिथल्या तिथे घेता येतं. दुमजली पलंग आहेत, शाळेच्या सहली असतात, सकाळी नाश्त्याला रांग लागते. पण जेवणघराच्या काचेतून नदी, क्रेन आणि ड्राय डॉक समोर. साठीच्या पुढच्यांना मी सुचवणार नाही.

सांक्ट पाउलीतली खोली शुक्रवार-शनिवारी घेऊ नये. तिथली बार-क्लबांची गल्ली रीपरबान पहाटेपर्यंत जागी असते, आणि मग तीच मंडळी रविवारी सकाळी फिशमार्केटला जातात. उन्हाळ्यात तो पाचला सुरू होतो, हिवाळ्यात सातला, साडेनऊला बंद. मासे, फुलं, फळांच्या टोपल्या, आणि ट्रकवर उभं राहून घसा फोडून विकणारे लोक, दादरच्या भाजीगल्लीत शेवटच्या अर्ध्या तासात जसे ओरडतात तसे. एकदा बघाच, पण मुक्काम दुसरीकडे करून.

हामरब्रूक समर्थक

शनिवार-रविवारसाठी हामरब्रूक. ऑफिसांचा भाग, स्टेशनपासून एस-बानने एकच थांबा. साखळी हॉटेलं, स्वच्छ, सुट्टीच्या दिवशी दर पडलेले. संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नाही आणि खायलाही काही नाही. बस्स.

एल्बेकाठची

छान लिहिताय सगळे. तिकिटांचं मी सांगते, कारण हॉटेल लांब घ्यायचं की जवळ हे त्यावर ठरतं.

पूर्ण शहरात मेट्रो, एस-बान, बस आणि नदीवरच्या फेरीबोटींना एकच तिकीट चालतं. त्यामुळे हारबुर्गला राहून स्वस्तात पडत असेल तर घाबरू नका, मुख्य स्टेशनला पोचायला वीसेक मिनिटं लागतात. आणि पंचवीस-तीस युरोची बंदरसफर घेण्याआधी ६२ नंबरची फेरी पकडा. लांडुंग्सब्रुकेन ते फिंकनवेर्डर, वरच्या डेकवर बसा, वाटेत ओएव्हेलगोएनेचा वाळूचा किनारा लागतो, तिथे उतरून परत पुढची पकडा. सगळं साध्या तिकिटात. यू-३ मेट्रो रोएडिंग्समार्क्टपासून लांडुंग्सब्रुकेनपर्यंत उघड्यावरून, बंदराच्या कडेने जाते, तीही सफरच आहे.

स्टेशनवर फाटक नसतं म्हणून तिकीट काढायचं टाळू नका. साध्या कपड्यांतले तपासनीस येतात, दंड ६० युरो.

परतताना विमानतळाची एस-१ ओल्सडोर्फला तुटते: पुढचे तीन डबे विमानतळाला, मागचे पोपेनब्यूटेलला. बॅगा घेऊन मागे चढलेलं एक कुटुंब मी स्वतः ओल्सडोर्फला उतरवून पुढे पळवलंय.

नाशिकचा चिवडा

व्हिसासाठी बुकिंग दाखवावं लागतं म्हणून मोफत रद्द होणारंच घ्या, आणि त्यावर प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे असू द्या. "मिस्टर अमुक अधिक एक" असं छापून आलं होतं आमच्या मेव्हण्याला, सौ.चं नाव मेल करून घालून घ्यावं लागलं. त्याच हॉटेलने मुक्कामाच्या काही दिवस आधी कार्डावर रक्कम अडकवून बघितली. फॉरेक्स कार्डात पैसे भरलेले नव्हते, त्यांनी एक मेल टाकला आणि दुसऱ्या दिवशी बुकिंग रद्द केलं. तेव्हा व्हिसा मिळाल्यावर लगेच कार्ड भरून ठेवा आणि जंक फोल्डर रोज बघा.

छोट्या हॉटेलांचं रिसेप्शन रात्री बंद असतं. विमान उशिरा असेल तर आधी कळवा, दाराशी किल्लीची पेटी असते, कोड पाठवतात. मराठी माणसाने बेल वाजवत राहून मालकाला उठवू नये.

अबोलीचा गजरा

रविवारचं राहिलंच! दुकानं, सुपरमार्केट सगळं बंद. मुख्य स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी, तिथे ब्रेड-दूध मिळतं. नाश्ता हॉटेलात नको असेल तर बेकरीतून दालचिनी घातलेलं फ्रान्झब्रोएटशेन घ्या, गरम असेल तर दोन घ्या. पाणी नळाचं प्या. बाटली विकत घेतलीत तर वर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून परत मिळते.

पहिल्यांदाच

सगळ्यांचे आभार, जूनसाठी हारबुर्गला बुक केलं. एक बावळट प्रश्न: अंघोळीला बादली-मग असतो का? आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत?

एल्बेकाठची

गरम पाणी चोवीस तास. फक्त रात्री दहानंतर शॉवरखाली गाणी म्हणू नका, भिंती पातळ असतात. बादली नाही, मग नाही. तेवढा मग घरून आणा, बॅगेत ठेवताना त्यात मोजे भरा, जागा वाया जात नाही.