मदत हवी आहे: टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा कॉम्प्रेस करू का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं चादरीच्या डिझाइनचं काम आहे. कॉम्प्युटरची २५६ जीबीची डिस्क भरलीय, लाल पट्टी दिसतेय. काल जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणायच्या यंत्रणेच्या) बीएमपी चित्र-फाइलींचा फोल्डर विंडोजमधूनच कॉम्प्रेस केला, तर ३.८ जीबीचा ९०० एमबीवर आला! साहजिकच म्हणा, मोराच्या डिझाइनमध्ये एकाच रंगाचे ठिपके ओळीनं पसरलेले असतात. गिऱ्हाइकांना पाठवलेल्या फोटोंचा जेपीजी फोल्डर मात्र जागचा हलला नाही. ते आधीच दाबलेले.

आता टॅलीच्या डेटालाही हेच करावं का? त्यात दिवसभर लिहिणं चालतं, म्हणजे दर वेळी प्रोसेसरला गुंडाळा-उलगडा, आणि आमचा प्रोसेसर म्हातारा. वडील म्हणतात, "नवी डिस्क घे, हिशोबाशी खेळू नको." कुणी वापरून पाहिलंय का? बिल काढताना अडकतं का?