व्याही मापारी असेल, तर त्याने लग्नाआधी काम सोडावे का?

बाजारगावकर (धाग्याची सुरुवात)

निफाड तालुक्यातील एका बाजारगावात एका सोयरिकीवरून दोन घरांत जे चालले आहे, त्यावर मते हवी आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलीचे वडील कांद्याचे व्यापारी आहेत. स्वतःचे खळे, म्हणजे लिलावानंतर कांदा उतरवून घेण्याचे आवार आहे, शिवाय द्राक्षबाग आहे. मुलाचे वडील त्याच बाजार समितीत परवानाधारक मापारी, म्हणजे मालाचे वजन करणारे, असून त्यांचे बरेचसे काम याच व्यापाऱ्याच्या खळ्यावर असते. मुलगा कृषी पदवीधर आहे आणि निर्यातीच्या द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये प्रतवारी पाहतो. मुलगी बी. फार्म. झाली आहे. महाविद्यालयात जाता-येता एसटीत ओळख झाली आणि पाच वर्षे टिकली. जात एकच आहे आणि देवकही आड येत नाही, म्हणजे आपल्याकडे सोयरीक ज्या कारणांनी मोडते त्यांतले एकही येथे नाही. आंतरजातीय विवाहाला शासन पन्नास हजार रुपयांचे प्रोत्साहन देते. पण एकाच जातीतला खळेवाला आणि मापारी यांच्यातील अंतराची दखल सरकारदरबारी कोठेच नाही, आणि गावात मात्र ते शेंबड्या पोरालाही कळते.

मुलीच्या वडिलांनी नकार दिलेला नाही. बैठकीत त्यांनी दोन अटी घातल्या. साखरपुड्याआधी मुलाच्या वडिलांनी मापारीपण सोडावे; हवे तर दरमहा काही रक्कम आपण देऊ. आणि लग्न गावात न करता नाशिकच्या एखाद्या लॉन्सवर करावे, सगळा खर्च आपला. माझ्या मते पहिली अट मान्य करणे म्हणजे मुलाच्या बापाने आयुष्यभर जे केले ते लाजिरवाणे होते, असे स्वतःच्या सहीने लिहून देणे आहे.

गोदाकाठ

आपण अटीतील अपमान तेवढा पाहिला आणि त्यामागची अडचण सोडून दिली. लग्न झाल्यावर सकाळी साडेआठला सुनेचा सासरा तिच्या बापाच्या खळ्यावर उभा राहणार, तेथील मुनीम त्याला 'अरे' म्हणणार, आणि संध्याकाळी तोच गृहस्थ व्याही म्हणून दिवाळीच्या फराळाला येणार. पुण्या-मुंबईत हे चालून जाईल, कारण तेथे मालक आणि व्याही एकाच गल्लीत राहत नाहीत. दहा-वीस हजार वस्तीच्या गावात माणसाला एकच चेहरा असतो. तोलामोलाची सोयरीक पाहावी असे जुने लोक म्हणत, ते काही केवळ पैशाच्या माजातून नव्हे. दोन्ही व्याह्यांना एका पाटावर बसता यावे, एवढाच त्यात हिशेब होता. मुलीच्या बापाने दार बंद केलेले नाही, उलट मार्ग काढला आहे. त्याचे कौतुक करावे की त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे?

तालुक्याचा वकील

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण अशा प्रकरणांत शेवटी लोक आमच्याकडेच येतात.

दोघे सज्ञान आहेत. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न ठरवले की घराण्याची, भावकीची वा समाजाची संमती आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा वरील दोन्ही अटींना कायद्यात कवडीची किंमत नाही. वैतागून आळंदी गाठणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे. हिंदू विवाह कायद्याखालील लग्नात विधी झालेच नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न सिद्ध होत नाही, असे याच न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. ज्यांना विधी नकोत त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. पण त्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि छोट्या गावात ती संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते.

मला खरी काळजी वेगळ्याच कागदाची वाटते. अशा लग्नांत 'खर्च आम्ही करतो' असे म्हणणारे घर पुढे मुलीपुढे हक्कसोडपत्र ठेवते, हे मी अनेकदा पाहिले आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मतः सहहिस्सेदार आहे. महाराष्ट्राने ही तरतूद १९९४ मध्येच केली, ती देशभर २००५ मध्ये आली, आणि त्या दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात नसला तरी हक्क जात नाही हे २०२० च्या निकालाने पक्के झाले. बाग वडिलोपार्जित असेल तर तिचा त्यात वाटा आहे. बापाने स्वतः कमावलेले खळे आणि गाळा मात्र तो मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. लॉन्सच्या झगमगाटात बागेवर सही होऊ नये, एवढेच सांगणे.

कांदा उत्पादक

दोन्ही बाजू लग्नाबद्दल बोलत आहेत. ट्रॉली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचा विचार कोणीच केलेला नाही. लिलावात भाव ठरतो तो वरचा माल पाहून. ट्रॉली खळ्यावर रिकामी होताना खालचा माल हलका निघाला की व्यापारी वांधा काढतो आणि क्विंटलमागे शंभर-दोनशे कमी करायला सांगतो. त्या वेळी मी एकटा असतो. समोर व्यापारी, त्याचा मुनीम आणि खळ्यावरचे लोक असतात. त्यांत मापारी हा एकच माणूस असा, की जो निदान कागदावर व्यापाऱ्याचा नोकर नाही. तोच उद्या व्यापाऱ्याचा व्याही झाला, तर वजनावर आणि त्याच्या शब्दावर मी विश्वास का ठेवावा? मुलीच्या बापाचा हेतू प्रतिष्ठेचा असेल, पण त्याच्या तोंडून निघालेली अट मला आमच्या सोयीची वाटते. मापाऱ्याने काम सोडलेच पाहिजे.

जुना मापारी

मी या कामातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे भीडभाड न ठेवता लिहितो.

कांदा उत्पादकांचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत सरळ मुद्दा आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. व्याह्याच्या खळ्यावर वजन मांडायचे नाही. बाजार समितीत खळी पुष्कळ आहेत. दुसऱ्या खळ्यावर काम मागावे, समितीला तसे लेखी कळवावे. त्यासाठी परवाना परत करण्याची गरज नाही. मुलीच्या बापाला खरोखर वजनाची चिंता असती, तर त्याने खळे बदला असे म्हटले असते. त्याने काम सोडा असे म्हटले, कारण त्याला मापारी व्याही कोणत्याच खळ्यावर नको आहे.

आता दरमहा रकमेविषयी. हमाल-मापाऱ्याला कायद्याने काही मिळाले असेल, तर ते १९६९ च्या माथाडी कायद्याने. भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि दवाखान्याचा खर्च, हे सारे मजुरीवर वेगळ्या आकारल्या जाणाऱ्या रकमेतून, म्हणजे लेव्हीतून उभे राहते. ही लेव्ही कोणी भरायची आणि हमाली-तोलाई, म्हणजे माल उचलण्याची आणि वजनाची मजुरी, शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापायची की नाही, याच वादावरून एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद होते. अख्खे वाहन तोलणारे भुईकाटे आल्यावर तोलाई कसली, असे तेव्हा आम्हाला तोंडावर विचारले गेले. त्या दिवसांत मुलीचा बाप एका बाजूला होता आणि मुलाचा बाप दुसऱ्या. एकमेकांना चहा विचारणेही बंद झाले होते; आणि ही दोन मुले त्याही काळात एकमेकांशी बोलत होती, हे विशेष. ज्या माणसाने आपल्या हक्काच्या पैशासाठी दिवसचे दिवस घरी बसून कळ सोसली, त्याने आता त्याच व्यापाऱ्याकडून महिन्याचा खर्च घ्यायचा? हक्काचा पैसा आणि व्याह्याने दिलेला पैसा यांत फरक असतो. दुसरा कधीही बंद होतो, आणि सुनेने घरात आवाज चढवला की तो बंद होण्याची भीती आधी सासऱ्याला वाटू लागते.

लेकीची आई

मापारीकाकांच्या स्वाभिमानाबद्दल आदर ठेवून विचारते: त्या घरात राहायला कोण जाणार आहे? काका नाही, वकीलसाहेब नाहीत, मुलगी जाणार आहे. ज्या घरात पहाटे पाणी तापवायला गिझर आहे, भांडी घासायला बाई आहे आणि स्वतःची खोली आहे, तेथून ती दोन खोल्यांच्या घरात जाणार. सासू खळ्यावर कांदे निवडायला जात असेल, तर दिवसभराचे घर हिच्या अंगावर पडेल. पाच वर्षे एसटीत गप्पा मारणे वेगळे आणि न्हाणीघरासाठी चौघांच्या मागे थांबणे वेगळे. माझ्या नात्यातल्या एका मुलीने असेच लग्न केले. नवरा चांगला होता, अजूनही आहे. पण दर अडचणीला माहेरून पैसे आले, नवऱ्याची मान खाली गेली, आणि चांगुलपणा कडवट होत गेला. प्रेम नव्हते म्हणून नव्हे, घर कोणाच्या पैशावर चालते याचा निकाल आधी लागला नव्हता म्हणून.

म्हणून मला दोन्ही अटींपेक्षा तिसरी अट हवी होती आणि ती मुलीने घालावी. तिने आधी नोकरी धरावी किंवा औषधांचे दुकान काढावे, परवाना आणि भाडेकरार स्वतःच्या नावावर असावा, मग लग्नाची तारीख काढावी. वर्षभर थांबल्याने प्रेम आटत असेल, तर ते लग्नानंतर त्याहून लवकर आटले असते.

रोखठोक

मुलगा पदवीधर, नोकरीला आहे, निर्व्यसनी आहे. याच मुलाच्या बापाकडे चार एकर बाग असती, तर ह्याच काकूंनी न्हाणीघर मोजले नसते.

लेकीची आई

मोजले असते. चार एकर बागेच्या घरातही न्हाणीघर एकच असलेले मी पाहिले आहे.

बाजारगावकर

दोन खुलासे. मुलीपुढे कोणताही कागद अद्याप आलेला नाही. वकीलसाहेबांचे म्हणणे तिच्यापर्यंत पोहोचवले आहे. मुलगी दुकानाचाच विचार करते आहे आणि त्यासाठी बापाकडून पैसे घ्यायचे की बँकेचे कर्ज काढायचे, यावर दोघांचे मतभेद आहेत. मुलगा कर्ज म्हणतो, मुलगी म्हणते की भावाला ट्रक घेऊन दिला तेव्हा कोणी कर्ज म्हटले नव्हते. मला तिचे म्हणणे पटते. मापाऱ्याच्या घराने महिन्याची रक्कम नाकारावी आणि मुलीने आपला वाटा मात्र मागून घ्यावा, यात मला विसंगती दिसत नाही. ती रक्कम उपकार आहे, आणि हा तिचा हक्क आहे.

गोदाकाठ

खळे बदलण्याचा मार्ग मला सुचला नव्हता; तो मांडून पाहायला हरकत नाही. तरीही मुनीम 'अरे' म्हणतो तो केवळ खळ्यावर नव्हे, हे माझे म्हणणे कायम आहे. आणि लॉन्सच्या अटीकडे सर्वांनी दुर्लक्ष केले. लग्न नाशिकला नेण्याचे कारण खर्च किंवा सोय नव्हे. हमालांची टोळी वरपक्षाची पाहुणी म्हणून पंगतीला बसू नये, हे आहे. तेवढे मीही समजतो. मुलीच्या बापाला इतके दिवस ज्यांना गोण्या उचलताना पाहिले त्यांच्या हातावर पाणी घालायचे नाही. मी त्याच्या जागी असतो तर मलाही ते जड गेले असते, हे कबूल करतो. पण म्हणून मी त्याला दुष्ट ठरवणार नाही.

जुना मापारी

दुष्ट कोणीच म्हटलेले नाही. जड जात असेल तर जाऊ द्यावे. पन्नास किलोची गोणीही पहिल्या दिवशी जडच जाते.

मुलाच्या वडिलांना माझा निरोप असा: परवाना ठेवा, खळे बदला, महिन्याची रक्कम घेऊ नका, आणि लग्न गावातच मागा. लॉन्सवरच करायचे ठरले, तर टोळीसाठी गाडी वरपक्षाने करावी आणि तिचे भाडे आपण भरावे. एक मात्र पाहा. मुहूर्त एप्रिल-मे मधला काढू नका. उन्हाळ कांद्याची आवक जोरात असते, खळी रात्री उशिरापर्यंत चालतात आणि टोळीतल्या कोणालाच सुट्टी मिळत नाही. मुलीच्या बापाला हे आपल्याइतकेच ठाऊक आहे, तेव्हा तारीख कोणती सुचवली जाते तिकडे लक्ष असू द्या.