अंगावर पाजत असताना काळे तीळ खाल्ले तर चालतात का? आई नको म्हणते, सासूबाई हो म्हणतात

नवी_आई_चिपळूण:
नमस्कार ताईंनो. माझं पहिलं बाळ, दीड महिन्याचं, मी सध्या माहेरी चिपळूणला. सासर जळगावकडचं. सासूबाईंनी डबा पाठवलाय, काळ्या तिळाचे गूळ घालून लाडू, रोज सकाळी एक खा दूध चांगलं येईल असं फोनवर पण बजावलं. इकडे आई म्हणते काळे तीळ तर्पणाला असतात, बाळंतिणीने तोंडात घालायचे नाहीत, शिवाय उष्ण, बाळाला पुरळ येईल. डबा तसाच पडलाय आणि मी दोघींच्या मधे. डिंकाचे, अळिवाचे लाडू चालूच आहेत. पाजताना कोणी खाल्लेत का? किती खायचे? आणि दूध खरंच वाढतं का, कारण संध्याकाळ झाली की बाळ सारखं रडतं आणि मला वाटतं त्याला पुरत नाहीये.

लातूरची_मावशी:
अगं खा बिनधास्त. आमच्याकडे बाळंतिणीला बाजरीची भाकरी, लसूण घालून तिळाची चटणी आणि जेवण झालं की बाळंतशेपा, ओवा, तीळ, सुकं खोबरं भाजून केलेली सुपारी हे ठरलेलंच. तर्पणाला पाणी पण लागतं, म्हणून पाणी प्यायचं सोडतो का आपण? (आईला हे असं तोंडावर म्हणू नकोस हां.) संक्रांतीला पांढरे श्राद्धाला काळे ही वाटणी देवाधर्माची, पोटाची नाही. आणि उष्ण म्हणशील तर गरोदरपणी आमच्यातही तीळ टाळतात, पण बाळंतपणानंतर सगळं उष्णच देतात की, अळीव काय थंड आहेत? फक्त मंद आचेवर भाजून कुटलेले खा नाहीतर नीट चावून खा, अख्खे गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात.

आहार_आणि_बाळ:
मी डायटिशियन आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दिवसाला एक-दोन चमचे तीळ, काळे किंवा पांढरे, पाजणाऱ्या आईला चालतात. १०० ग्रॅम सालासकट तिळात साधारण हजार मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ऐकायला भारी, पण आपण खातो मोठा चमचाभर म्हणजे ९-१० ग्रॅम, त्यातून मिळालं नव्वद-शंभर. पाजणाऱ्या बाईला दिवसाला १२०० लागतं. त्यात ते बरंचसं सालीत ऑक्सलेटबरोबर अडकलेलं, सगळं अंगी लागत नाही, आणि साल काढलेल्या पांढऱ्या तिळात तर मुळातच कमी. त्यामुळे लाडू चालू झाले म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नकोस, सरकारी दवाखान्यात पण त्या बाळंतपणानंतर सहा महिने देतात. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घे, दोन तासांचं अंतर ठेवून.

आता दुधाचं. तिळाने दूध वाढतं असा पक्का पुरावा नाही, दूध वाढतं बाळाने वरचेवर ओढल्याने. संध्याकाळचं रडणं सहा आठवड्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, त्या वेळी बाळं सारखं सारखं प्यायला मागतात, त्याचा अर्थ दूध कमी आहे असा होत नाही. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होतोय आणि वजन वाढतंय ना ते बघ. वजन वाढत नसेल तर लाडवांच्या भरवशावर थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव.

जर्सीवाली_निशा:
पुरळाचं आईचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. उष्णतेने नाही पण तिळाची ॲलर्जी खरंच असते, इथे अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तीळ लिहिणं सक्तीचं आहे. आईच्या खाण्यातलं थोडंफार दुधात उतरतं. बहुतेक बाळांना काहीच होत नाही, पण अंगावर गांध्या आल्या किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर तीळ थांबवून लगेच बाळाच्या डॉक्टरांना फोन. तुला स्वतःला तीळ सोसत नसतील तर प्रश्नच मिटला.

बाबा_पण_वाचतो:
बायकोने काळे तीळ आणायला पाठवलं होतं, दुकानदाराने कारळे बांधून दिले. चटणी झकास झाली तो भाग वेगळा. कारळा बारीक, लांबट, चकचकीत असतो आणि तीळ चपटा, एका टोकाला निमुळता, पुडी घ्यायच्या आधी उघडून बघा.

नवी_आई_चिपळूण:
सगळ्यांना थँक्यू! लंगोट तर भरपूर ओले होतात, वजन सोमवारी करून आणते. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली खा, पण माझ्यासमोर अर्धाच. जर्सीवाल्या ताईंचं तिला सगळ्यात जास्त पटलं. एकच, डबा उघडल्यावर थोडा तेलकट वास आला, ते नॉर्मल आहे का?

लातूरची_मावशी:
चाखून बघ. तीळ म्हणजे निम्मं तेलच, गरमीत लवकर खवट होतात, त्यात तुमची कोकणातली दमट हवा. जिभेवर कडवट लागला तर टाकून दे, सासूबाईंना सांगू नकोस. चांगले असतील तर काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेव.